नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को : साइट म्हणते साडेचौदा तास, एजंट म्हणते सव्वीस. खरं काय?

दारव्ह्याचा_पोट्टा

नमस्कार मंडळी, दारव्ह्याजवळच्या खेड्यातून लिहून रायलो. माही बहीण तिकडे कॅलिफोर्नियात सॅन होजेले राहते, डिसेंबरात तिचं बाळंतपण हाय म्हणून माय आन बाबूजी नोव्हेंबरात तिकडे जाऊन रायले. व्हिसा झाला, तिकीट काढाचं बाकी हाय आन तिथंच गाडी अडकली.

मोबाइलवर नागपूर ते सॅन फ्रान्सिस्को असं टाकलं तं एका साइटनं सांगतलं १३,१०० किलोमीटर, वेळ साडेचौदा तास. मी खुश, म्हटलं संध्याकाळी बसले का सकाळी पोचले. यवतमाळले एका ट्रॅव्हल्सवाल्याकडे गेलो तं तो म्हणते २६ तास, दुसरा म्हणते ३३ तास आन पैसे कमी. अबे एकाच दोन गावांमधी इतला फरक कसा काय?

त्यात बाबूजींचं वेगळंच. भिंतीवरच्या नकाशात अमेरिका डाव्या हाताले हाय, मंग मुंबईवरून समुद्रावरून सरळ जाचं सोडून हे विमान दिल्लीकडे वर कायले जाते म्हणते. मले उत्तर देता आलं नाई.

बाबूजी ६८ चे, शुगर हाय. मायचे गुडघे दुखते. दोघंही आजपर्यंत विमानात बसले नाई. जाणकारांनी समजून सांगा, निरा लिंक फेकू नका.

सावजी_तर्री

साडेचौदा तास? बावा आमच्या शकुंतला रेल्वेच्या काळात यवतमाळवरून अचलपूरले १९० किलोमीटर जाले दिवस मावळून दुसरा उजाडे. तुमचं तं भल्ली चांगलं चाललं.

परदेशी_वऱ्हाडी

भाऊ, मी मूळचा मूर्तिजापूरचा, आता बरीच वर्षं फ्रीमाँटला आहे, तुमच्या ताईपासून जवळच. आधी साइटचं सांगतो. ती साइट काय करते तर दोन विमानतळांचे अक्षांश-रेखांश घेते, पृथ्वीच्या गोलावर त्या दोघांमधलं सगळ्यात कमी अंतर काढते आणि त्याला ताशी ९०० किलोमीटरने भागते. १३,१०० भागिले ९०० म्हणजे साडेचौदा. झालं गणित. असं विमान खरंच आहे का, हे ती साइट बघतच नाही. नागपूरवरून सॅन फ्रान्सिस्कोला थेट विमान नाही. कुठंतरी उतरून दुसऱ्यात बसावंच लागतं, आणि तुमचा वेळ जातो तो तिथं.

म्हणून मी इथल्या सगळ्यांना सांगत असतो, किलोमीटर विचारू नका, गावच्या घराच्या दारातून पोरीच्या घराच्या दारापर्यंत किती तास ते विचारा.

दारव्ह्याचा_पोट्टा

म्हणजे ते साडेचौदा तास हवेतलेच झाले म्हणा. बरं मंग दारापासून दारापर्यंत हिशोब कोणी मांडून देईन काय?

परदेशी_वऱ्हाडी

दिल्लीमार्गे धरून मांडतो. दारव्हा ते नागपूर गाडीनं चार-साडेचार तास धरा, रस्त्यात कुठं चहा पाणी. नागपूर विमानतळावर दोन तास आधी पोचायचं. नागपूर-दिल्ली दोन तास. दिल्लीत बदलायला पाच तास धरा, कमी धरू नका. दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को साधारण १६ तास, वाऱ्यावर एखादा तास इकडे तिकडे. उतरल्यावर इमिग्रेशन, सामान, कस्टम मिळून दीड तास. तिथून सॅन होजे पन्नासेक किलोमीटर, तासभर. बेरीज केली तर साडेएकतीसच्या आसपास येते. यातले विमान हवेत असण्याचे अठराच.

एजंट २६ म्हणत असेल तर तो नागपूर विमानतळ ते तिकडचा विमानतळ एवढंच सांगतोय, आणि मधला थांबा आठेक तासांचा असणार. ३३ वाल्याचा थांबा त्याहून मोठा, किंवा दोन ठिकाणी बदली. स्वस्त तिकीट बहुतेक वेळा असंच असतं, पैसे वाचतात ते म्हाताऱ्या माणसांच्या पाठीवर.

मास्तर_झेडपी

बाबूजींचा प्रश्न मला फार आवडला. आमच्या शाळेत सहावी-सातवीची पोरं हाच प्रश्न विचारतात आणि भिंतीवरच्या नकाशानं याचं उत्तर कधीच मिळत नाही, कारण तो नकाशा म्हणजे गोल सोलून ताणून सपाट केलेला आहे. वरचा भाग, म्हणजे सैबेरिया, अलास्का, ग्रीनलंड, त्यात फुगवून दाखवलेला असतो.

शाळेतला पृथ्वीगोल घ्या. शिवायचा दोरा घ्या. एक टोक नागपूरवर बोटानं दाबा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. ढिला ठेवाल तर तो कुठूनही जाईल, पण घट्ट ताणला की आपोआप सरकत सरकत वर जातो. मी आजच दुपारच्या सुट्टीत पोरांसमोर करून पाहिलं. दोरा नागपूरवरून जवळजवळ उत्तरेला निघतो, थोडासा पूर्वेकडे झुकून. पश्चिम नेपाळ, तिबेट, चीनचा शिनजियांग, मंगोलियाचा पश्चिम कोपरा, मग सैबेरिया आडवा, पार आर्क्टिक समुद्राच्या काठापर्यंत, तिथून अलास्का आणि कॅनडाच्या किनाऱ्यानं खाली कॅलिफोर्निया. सगळ्यात वरचं ठिकाण ७२ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास येतं. अटलांटिक नाही, आफ्रिका नाही, मुंबई तर नाहीच.

कारण सोपं आहे. नागपूर ७९ अंश पूर्व रेखांशावर, सॅन फ्रान्सिस्को १२२ अंश पश्चिम. पृथ्वी ३६० अंशांची, म्हणजे ती दोन गावं जवळपास एकमेकांच्या पाठीला पाठ लावून बसलीत. पाठीमागच्या माणसाकडे जायचं तर डावीकडून जा की उजवीकडून, दोन्ही लांबच. डोक्यावरून गेलं की जवळ.

बाबूजींना सांगा, दिल्ली ही आपल्या रस्त्यातच आहे.

दारव्ह्याचा_पोट्टा

गुरुजी तुमचं हे बाबूजींले वाचून दाखवलं. म्हणे आता गोल आणून दे. शाळेतून मागून आणतो उद्या.

ढगाले_भोक

एक शंका हाय, हसू नका. पृथ्वी तं फिरत रायते ना. मंग विमान वर जाऊन निरा उभं रायलं तं खाली अमेरिका आपोआप येईन काय? डिझेलचा खर्च वाचीन.

सावजी_तर्री

हा आला बावा. याच्या हाती विमान कंपनी द्या.

मास्तर_झेडपी

हसण्यासारखं काही नाही, चांगली शंका आहे. नागपूरच्या अक्षांशावर जमीन पूर्वेकडे ताशी साडेपंधराशे किलोमीटरच्या वेगानं फिरते आहे. पण नुसती जमीन नाही, तिच्यावरची हवाही तिच्यासोबतच फिरते. नाहीतर आपल्याला दिवसरात्र ताशी साडेपंधराशेचा वारा लागला असता, एकही कौल जागेवर राहिलं नसतं. विमान त्या हवेत पोहतं, म्हणून तेही सोबतच जातं. हेलिकॉप्टर तासभर एका जागी अधांतरी राहिलं तरी खाली तेच शेत दिसतं.

सोनेगाव_जुना_माणूस

विमानतळावर जमिनीवरच्या कामात आयुष्य गेलं, आता रिटायर. थोडी भर घालतो.

गुरुजींचा दोरा बरोबर आहे, पण विमान दोऱ्यावरून जात नाही. तीन कारणं.

पहिलं म्हणजे तिबेट. विमानाच्या आत हवा दाबून ठेवलेली असते. काही बिघाड होऊन तो दाब गेला तर वरून ऑक्सिजनचे मास्क पडतात, पण तो ऑक्सिजन थोडाच वेळ पुरतो, साधारण १२ ते २० मिनिटं. तेवढ्यात पायलटला १०,००० फुटांवर खाली यावं लागतं, जिथं माणूस आपला आपण श्वास घेऊ शकतो. आता तिबेटचं पठारच सरासरी साडेचार हजार मीटर, म्हणजे १४-१५ हजार फूट उंच. खाली यायचं कुठं? जमिनीच्या आत? म्हणून बहुतेक विमानं तिबेटला वळसा घालून जातात.

दुसरं, आकाशालाही मालक असतात. २०२२ च्या फेब्रुवारीत युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि रशियानं अमेरिकन, युरोपियन विमानांना आपल्यावरून जायला बंदी केली. एका अमेरिकन कंपनीची दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को सेवा त्यातच थांबली. आपल्या विमानांना रशियानं बंदी केली नाही. मग २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीवरून पश्चिमेकडे जाणाऱ्या फेऱ्या लांबल्या, काहींना तर मधे तेल भरायला युरोपात उतरावं लागलं. किलोमीटर तेच, पण रस्ता बदलला की तास बदलले.

तिसरं वारा, आणि तेच सगळ्यात मोठं. १० ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. थंडीत त्याचा जोर वाढतो, ताशी दोनशे-तीनशे किलोमीटरपर्यंत जातो. पुरात नदीच्या धारेसोबत पोहणारा आणि धारेविरुद्ध पोहणारा यांच्यात जेवढा फरक, तेवढाच इथं. दिल्लीवरून अटलांटिकवरून सॅन फ्रान्सिस्कोला १३,९०० किलोमीटर पडायचं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियानं तेच विमान उलट्या बाजूनं, पॅसिफिकवरून नेलं. अंतर १५,३०० किलोमीटर, म्हणजे १,४०० जास्त, आणि वेळ लागला साडेचौदा तास, पहिल्या रस्त्यापेक्षा दोनेक तास कमी! लांबच्या रस्त्यानं लवकर पोचलं, कारण वारा पाठीत होता.

ढगाले_भोक

अरे बाप्पा! म्हणजे जास्त किलोमीटर गेलं तरी कमी टाइम?

सोनेगाव_जुना_माणूस

हाव. कंपनीचं ऑफिस रोज वारा पाहून त्या दिवशीचा रस्ता ठरवते. आजचं विमान अलास्कावरून गेलं तर उद्याचं जपानच्या जवळून जाईल. म्हणून तिकिटावरच्या वेळेत थोडी ढील ठेवलेली असते.

बेलोऱ्याचा_शेजारी

विषय निघाला म्हणून. आता आमच्या अमरावतीले पण विमानतळ झाला, बेलोऱ्याले. १६ एप्रिल २०२५ ले उद्घाटन झालं, मुंबईले एटीआरचं छोटं विमान जाते. दारव्ह्यावाल्यांनी इकडून मुंबई धरली तं?

परदेशी_वऱ्हाडी

मुंबईवरून सॅन फ्रान्सिस्को १३,५०० किलोमीटर. नागपूर-मुंबई ६९० धरलं तर एकूण १४,२०० जवळ. दिल्लीमार्गे ८५० अधिक १२,३७० म्हणजे १३,२२०. नागपूरवरून सरळ रेषा १३,१००. म्हणजे दिल्लीमार्गे वळसा फक्त सव्वाशे किलोमीटरचा, दारव्हा-यवतमाळ जाऊन येऊन होतात त्याहून थोडा जास्त. मुंबईमार्गे अकराशेचा. शिवाय छोट्या विमानाचं वेगळं तिकीट काढलं आणि ते उशिरा आलं तर पुढचं मोठं विमान गेलं म्हणून कोणी तुम्हाला विचारणार नाही. सगळं एकाच तिकिटावर, एकाच बुकिंग नंबरवर घ्या. हे ठळक करून वाचा. वेगवेगळं तिकीट असेल तर चुकलेल्या विमानाची जबाबदारी तुमची, एकच असेल तर कंपनीची.

वरूडची_संत्री

मी सासू-सासऱ्यांना घेऊन गेले होते मागे, त्यामुळे सांगते. सगळे दिल्ली दिल्ली करताहेत, पण दोहामार्गे कोणी बोलेचना. नागपूरवरून दोहाला विमान जातं, तिथून सॅन फ्रान्सिस्को. बदली एकदाच. इमिग्रेशन नागपूरलाच होतं, छोटा विमानतळ, गर्दी नाही, माणसं मराठीत बोलतात, आणि सामान एकदा टाकलं की एकदम तिकडेच मिळतं. दिल्लीचा विमानतळ म्हणजे चालून चालून पायाचे तुकडे.

मास्तर_झेडपी

दोऱ्यानं मोजलं ताई. नागपूर-दोहा २,८४० च्या आसपास, दोहा-सॅन फ्रान्सिस्को १३,०००. बेरीज १५,८४०. दिल्लीमार्गापेक्षा २,६०० किलोमीटर जास्त. आधी पश्चिमेला उलटं जायचं, मग परत वर चढायचं.

वरूडची_संत्री

सर, पाय दुखतात ते किलोमीटरनं नाही दुखत, ताटकळून दुखतात 😄 नागपूर-दोहा चार तास, दोह्यात तीन तास, पुढे सोळा. झाले २३. दिल्लीमार्गे दोन, पाच आणि सोळा, तेही २३. सांगा आता कुठं फरक पडला?

ट्रॅव्हल्स_यवतमाळ

मी याच धंद्यात आहे, म्हणून बोलतो (वर पोट्ट्यानं ज्यांना विचारलं ते मी नव्हे 🙏). ताईंचं बरोबर आहे. गिऱ्हाईक येऊन विचारते जवळचा रस्ता कोणता, आन मी सांगतो जवळचा नाही, चांगल्या थांब्याचा पाहा. दोन तासांपेक्षा कमी थांबा असला तर साइट तिकीट देते पण म्हाताऱ्यांचं काम नाही. आठ तासांच्या वर असला तर खुर्चीवर अंग आखडते. तीन ते पाच तास हे बरोबर.

आता दोन्हीचे फायदे तोटे. दिल्लीत सगळे हिंदी बोलते, काही अडलं तर घरी फोन लावता येते, आपलंच सिमकार्ड. पण डिसेंबर उतरता ते जानेवारी दिल्लीत धुकं पडते, विमानं तासन्तास लटकते. तुम्ही नोव्हेंबरात जाऊन रायले म्हणून त्याची चिंता नाही. दोह्यात धुक्याचा असा त्रास नाही, पण आखातात कधी तणाव झाला की तिकडचं आकाश बंद होते, २३ जून २०२५ च्या रात्री कतारचं झालं होतं काही तास. म्हणून हमी कोणाचीच नाही. येतानाचं मात्र लक्षात ठेवा. दिल्लीमार्गे आले तं सामान दिल्लीलाच काढून कस्टममधून आणून परत नागपूरच्या विमानाले द्यावं लागते. दोहामार्गे आले तं सामान सरळ नागपूरले.

दारव्ह्याचा_पोट्टा

हे येतानाचं कोणीच सांगतलं नव्हतं. मायले दोन ब्यागा ओढत फिरणं जमणार नाई.

ट्रॅव्हल्स_यवतमाळ

व्हीलचेअर लावा दोघांसाठी. तिकीट काढतानाच सांगा, पैसे लागत नाही. फायदा खुर्चीचा कमी आन सोबतच्या माणसाचा जास्त, तो माणूस इमिग्रेशन, सेक्युरिटी, गेट सगळं बरोबर करून देते. पहिल्यांदा जाणाऱ्याले त्याच्यासारखा आधार नाही. लाजू नका म्हणा बाबूजींले.

दारव्ह्याचा_पोट्टा

बाबूजी म्हणते मी काय लुळा हाय काय. मायनं हो म्हटलं लगेच.

सावजी_तर्री

काकूंले मत द्या.

ढगाले_भोक

आन तिथं तारीख कोणती रायते? माझ्या मामाच्या पोरानं सांगतलं होतं का तो सोमवारी निघाला आन सोमवारीच पोचला, मले वाटलं फेकून रायला.

परदेशी_वऱ्हाडी

फेकत नव्हता. आपली वेळ एकच, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची. इथली वेळ थंडीत आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागं, उन्हाळ्यात साडेबारा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथं घड्याळ तासभर पुढं करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागं. समजा दिल्लीवरून पहाटे ४ ला निघाले. सोळा तासांनी दिल्लीत रात्रीचे ८ वाजले असतील. त्यातून साडेतेरा वजा करा, इथं सकाळचे साडेसहा, तारीख तीच. कागदावर बघितलं तर सोळा नाही, फक्त अडीच तासांचा प्रवास!

येताना सगळं वसूल होतं. समजा एप्रिलमध्ये सोमवारी सकाळी १० ला इथून निघाले, सोळा तास धरले, तर दिल्लीत मंगळवारी दुपारी अडीच. २०२१ च्या जानेवारीत एअर इंडियाचं सॅन फ्रान्सिस्को-बेंगळुरू पहिलं विमान उत्तर ध्रुवाच्या बाजूनं गेलं, कॅप्टन झोया अगरवाल आणि सगळ्या महिला पायलट. ९ तारखेला शनिवारी रात्री निघालं आणि ११ ला सोमवारी पहाटे उतरलं. प्रवास सतराएक तासांचा, पण रविवार निसटून गेला त्यांचा.

दारव्ह्याचा_पोट्टा

हे महत्त्वाचं हाय, कारण बाबूजींचं इन्सुलिन. सकाळचं आन रात्रीचं असं घेते ते. मंग सकाळ कोणती धराची?

वरूडची_संत्री

हे इथं कोणाला विचारू नका दादा, डॉक्टरांनाच विचारा आणि कागदावर भारतीय वेळेप्रमाणे कधी किती घ्यायचं ते लिहून घ्या. माझ्या सासऱ्यांना डॉक्टरांनी तसंच लिहून दिलं होतं, आणि आम्ही एक साधं हातघड्याळ भारताच्या वेळेवरच ठेवलं होतं, पोचेपर्यंत बदललंच नाही. मोबाइल आपोआप वेळ बदलतो आणि माणूस गोंधळतो.

इन्सुलिन हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. खाली सामानाच्या भागात गोठायची भीती, आणि बॅग हरवली तर संपलं. डॉक्टरची चिठ्ठी सोबत. तिकीट काढतानाच शुगरवाल्यांचं जेवण सांगता येतं. विमानातली हवा फार कोरडी असते, पाणी घोट घोट पीत राहायचं, लघवीला उठावं लागतं म्हणून पाणी टाळायचं नाही, आमच्या सासूबाई तेच करत होत्या. आणि दर दोन तासांनी उठून चालायचं, नाहीतर पाय सुजतात, रक्ताची गुठळी व्हायची भीती असते.

बेलोऱ्याचा_शेजारी

सामानाचं पण सांगा. माय काय काय बांधून देईन त्याचा नेम नाई, मेथीचे लाडू, डिंकाचे लाडू, सरकी...

वरूडची_संत्री

सरकी कशाला? 😂 लाडू चालतात. संत्री नाही चालत, ताजं फळ, बी-बियाणं काहीच तिकडे आत नेऊ देत नाहीत. आम्ही वरूडचे असून रिकाम्या हातानं गेलो. सुकं खोबरं चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, तेलामुळं पेट घेऊ शकतं म्हणून. बाळंतिणीसाठी खोबरं म्हणून हमखास सगळे नेतात आणि तिथंच काढून ठेवतात. तिकडे दुकानात मिळतं. लोणचं मोठ्या बॅगेत, डबल पिशवीत. आणि कस्टममध्ये खाण्याच्या वस्तू आहेत का विचारलं की हो सांगायचं. लपवलं तर दंड.

सोनेगाव_जुना_माणूस

एक जुनी गोष्ट आठवली. आज आपण नागपूरवरून थेट विमान नाही म्हणून हळहळतो. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची टपालसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चारही दिशांची विमानं मध्यरात्री सोनेगावला, म्हणजे आपल्या नागपूरच्या विमानतळावर, उतरायची. टपालाच्या थैल्या आणि प्रवासी एकातून दुसऱ्यात जायचे आणि पहाटेपर्यंत चारही विमानं आपापल्या गावी परत. देशाच्या मधोमध असल्याचा तेवढा फायदा त्या काळी होता. तेव्हाचं विमान फार लांब एका दमात जाऊ शकत नव्हतं. १९४८ च्या जूनमध्ये एअर इंडियाचं मुंबई-लंडन पहिलं विमान कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं. आता विमानं एका टाकीत अर्धी पृथ्वी ओलांडतात, मग मधल्या गावाला कोण विचारतं. वरून मात्र रोज जातात. रात्री शेतात झोपलं की दिवे दिसतात ते तेच.

ढगाले_भोक

काका, एका टाकीत किती बसते?

सोनेगाव_जुना_माणूस

या रस्त्यावर जे बोइंग ७७७-२०० एलआर चालवलं गेलं त्याच्यात १,८१,००० लिटरच्या वर. आणि ते इंधन साध्या डिझेलसारखं नाही, उणे ४७ अंशापर्यंत गोठत नाही असं असते. बाहेर उणे ५० च्या खाली पारा असते, म्हणून ध्रुवाकडच्या रस्त्यावर पायलटला टाकीतल्या तेलाच्या तापमानावर पण डोळा ठेवावा लागते.

आणि अशा रस्त्यावर मधे कुठं उतरता येईल हे आधीच ठरलेलं असते. ६ जून २०२३ ले दिल्लीवरून सॅन फ्रान्सिस्कोले चाललेलं विमान इंजिनच्या तक्रारीमुळे रशियात मगदानले उतरवलं. २१६ प्रवासी. गाव छोटं, हॉटेलं पुरेना, लोकांले वसतिगृहात झोपवलं, दुसरं विमान येऊन नेईपर्यंत दोन दिवस गेले. कोणाले काही झालं नाही, हे महत्त्वाचं. घाबरवाले नाही सांगत, हातातल्या बॅगेत तीन दिवसांचं औषध आन एक स्वेटर ठेवा म्हणून सांगतो.

दारव्ह्याचा_पोट्टा

हे बाबूजींले नाई वाचून दाखवत. औषधाचं तेवढं लिहून ठेवलं.

अकोल्याचा_अण्णा

एवढं सगळं वाचून मला वाटतं पोट्ट्यानं किलोमीटर सोडून द्यावं. दोन्हीकडे विमानतळ ते विमानतळ २३ तास. पैसे पाहावे आणि काढावं.

परदेशी_वऱ्हाडी

पैसे शेवटी पाहावे. आधी पोचायची वेळ पाहावी. इथं रात्री अकराला उतरणारं विमान घेतलं तर नऊ महिन्यांच्या पोटाशी असलेली पोरगी किंवा जावई मध्यरात्री हायवेवर. सकाळी किंवा दुपारी उतरणारं घ्या. इथं उजेड असला की झोपेचं चक्रही लवकर बसतं, दिवसभर अंगणात बसायचं, झोपायचं नाही, रात्री नऊला आडवं व्हायचं. तरी पहिला आठवडा पहाटे तीनला डोळे टक्क उघडतील, ते चालायचंच. तीनला उठून चहा मांडू द्या त्यांना, पोरीला बरंच वाटेल.

दारव्ह्याचा_पोट्टा

मंडळी, तिकीट काढलं. दोहामार्गे, एकाच बुकिंगवर, दोह्यात साडेतीन तास, पोचाची वेळ दुपारची. येतानाचं सामान सरळ नागपूरले येते हेच मायले पटलं. बाबूजींचा दिल्लीले जास्त ओढा होता, गोलावर दोरा लावून पाहिल्यापासून दोहा म्हणजे उलटी वाट असं त्यांचं ठाम मत झालं. मी म्हटलं मायचे गुडघे दोऱ्यानं मोजता येत नाई. दोघांची व्हीलचेअर लावली. डॉक्टरकडून इन्सुलिनचा कागद लिहून आणला, दोन प्रती केल्या.

आता शेवटचं, सीट निवडाची हाय. बाबूजींले खिडकी पायजे, बर्फ पाहाचा म्हणते. कोणत्या बाजूची घेऊ?

मास्तर_झेडपी

दोह्यावरूनही रस्ता वरच चढतो, ध्रुवाच्या अंगानं. त्या अक्षांशावर नोव्हेंबर अखेरीस सूर्य उगवतच नाही किंवा दुपारी नुसता डोकावतो. वरच्या टप्प्यात अंधारच असणार, बर्फ दिसण्याची आशा धरू नका. उतरायच्या आधी कॅनडा, अमेरिकेवर उजेड मिळेल, तिथं डोंगर दिसतील.

वरूडची_संत्री

बाबूजींना खिडकी द्या, त्याच्या बाजूची मायला, आणि तिसरी आतल्या वाटेची रिकामी मिळते का बघा. नाही मिळाली तर मायला वाटेची आणि बाबूजींना मधली. गुडघेवालीला दर दोन तासांनी उठायचंय, तिच्यापुढं अनोळखी माणूस झोपलेला असला तर ती सोळा तास उठणारच नाही.

दारव्ह्याचा_पोट्टा

मायले वाटेची केली. बाबूजी मधे. रुसले हाय, पण बसतीन.